स्पूलवरचा उखाणा

अनंतरावांना आपलं नाव ऐकायचं होतं. एवढंच. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाने असला हट्ट धरावा का, हा प्रश्न त्यांना सगळ्यांनी विचारून झाला होता. शेजारचे नागरगोजे तर म्हणाले, "नाव ऐकायचंय ना? मग कुठल्याबी हापिसात जाऊन बसा, शिपाई पुकारंल." पण अनंतरावांना ते शिपायाच्या तोंडून नको होतं. ते त्यांना सुमंगलाबाईंच्या तोंडून हवं होतं, आणि सुमंगलाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

अनंतराव परभणीच्या एका शाळेत क्लार्क होते. सगळी नोकरी दाखले लिहिण्यात गेली. अक्षर वळणदार, स्वभाव खडूस, आणि नावांच्या बाबतीत तर विचारूच नका. पोराच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी बापाला दारातून परत पाठवत. "नाव म्हणजे काय गंमत वाटली का? जिंदगीभर वागवायचं असतं ते," असं वर ऐकवत. लोक त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचे, पण दाखला हवा असला की त्यांच्याच टेबलापाशी उभे राहायचे.

मात्र खुद्द त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. शाळेत ते 'क्लार्कसाहेब' होते, गल्लीत 'काका', मुलीचे 'बाबा'. 'अनंता' म्हणणारी आई जाऊन जमाना झाला. 'अन्या' म्हणणारा दोस्त दिनकरराव मागच्या उन्हाळ्यात गेला. आणि सुमंगलाबाईंचं म्हणाल, तर त्यांचं पन्नास वर्षं 'अहो'वर भागलं. दाराशी कुणी आलं की एक अहो, भाजी संपली की दुसरा, पाहुण्यांसमोर अनंतराव जास्त बोलायला लागले की तिसरा, जरा लांबवलेला. बाई गेल्या आणि तो 'अहो'सुद्धा बंद झाला. घरात दिवसदिवस कुणी हाक मारत नाही म्हणजे काय असतं, ते अनंतरावांना तेव्हा कळलं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही त्या काळची रीत, त्यात नवल काही नाही. पण रीतीत उखाण्याची सोय होतीच की. सुमंगलाबाई तीही वापरत नसत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांचा आग्रह सुरू झाला, की ह्या तिळगुळाचा डबा आणायला म्हणून आत जायच्या त्या पाळी टळल्यावरच बाहेर यायच्या. अनंतरावांनी त्याची एक गोष्ट करून ठेवली होती. येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "आमच्या मंडळींनी जन्मात एकदाच माझं नाव घेतलं. लग्नाच्या दिवशी. आणि काय लाजली म्हणता! आवाज फुटेना. तेव्हाची जी लाजली ती अजून लाजायलीय." पाहुणे हसायचे. सुमंगलाबाई चहाचे कप ठेवून आत जायच्या.

तर ते एकदाच घेतलेलं नाव जपून ठेवलेलं होतं. दिनकरराव त्या वेळी सरकारी प्रचाराच्या कामावर होता. खेडोपाडी जाऊन शेतीची भाषणं टेप करायची आणि पारावर बसून लोकांना ऐकवायची, हे त्याचं काम. त्यासाठी त्याच्याकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, ट्रंकेएवढा, वर दोन मोठ्या चकत्या फिरणारा. दोस्ताच्या लग्नासाठी साहेबांना विचारून त्याने तो आणला, नवरी उंबरठा ओलांडून आत आली तेव्हा मधल्या खोलीत लावला, आणि नंतर ती भरलेली चकती आहेर म्हणून हातात दिली. मशीन सरकारजमा झालं. चकती घरात राहिली, आणि वाजवणार कशावर? आज बघू, उद्या बघू करता करता राहून गेलं. कॅसेट आल्या, गेल्या, सीडी आल्या, गेल्या. सुमंगलाबाईंनी ती चकती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. दर दिवाळीला डबा पुसायच्या. ऐकू या का, म्हणून विचारलं की म्हणायच्या, "कशाला? झालं ते झालं."

वर्षश्राद्धाच्या आत ती चकती ऐकायची, हे अनंतरावांनी मनाशी पक्कं केलं. मुलगी श्रद्धा परभणीतच बँकेत होती. ती म्हणाली, "बाबा, पुण्याला असल्या टेपा कॉम्प्युटरवर घेऊन देतात. पाठवून देऊ."

"पाठवायची म्हणजे? कुरिअरनं?"

"मग काय, मी जाऊ का घेऊन?"

"तुझ्या आईला कुरिअरनं पाठवायलीस का तू?" अनंतराव कडाडले, आणि स्वतःच्याच बोलण्याने त्यांचे डोळे भरून आले. श्रद्धाने विषय सोडून दिला.

मग अनंतरावांनी परभणी पालथी घातली. डबा पिशवीत, पिशवी छातीशी, आणि ऑटोवाल्याला 'हळू चालव' म्हणून तंबी. स्टेशन रोडला जिथे रेडिओची दुकानं होती तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. एकाने चकती उलटीपालटी करून विचारलं, "काका, हे पिक्चरचं हाय का?" दुसऱ्याने फोटो काढून घेतला आणि कुणाला तरी पाठवला, तिथून हसणाऱ्या तोंडाचं चित्र आलं. भंगारवाल्यांकडे टेपरेकॉर्डर मिळाले ते कॅसेटचे. एक स्पूलचा सांगाडा मिळाला, पण आतली मोटारच कुणी काढून नेलेली. अनंतराव रोज संध्याकाळी बेजार होऊन घरी येत आणि डबा कपाटात ठेवताना म्हणत, "आज बी न्हाई." कुणाला म्हणत, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

शेवटी नानलपेठेतल्या सिद्धोधनने वाट दाखवली. त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, तो मोबाइल दुरुस्त करतो. तो म्हणाला, "झरीला आसाराम मंडपवाले हायत. त्यांच्या बापानं टुरिंग टॉकीजच्या लिलावात एक मशीन घेतलं होतं. फेकलं नसंल तर असंल."

फेकलं नव्हतं. आसारामच्या घरी ओसरीवर ते मशीन होतं, त्यावर प्लास्टिकची फुलं आणि गणपती. मंडप, खुर्च्या, भोंगे भाड्याने द्यायचे हा आसारामचा धंदा. शेतीही होती, पण शेतीचं नाव काढलं की तो हात झटकायचा. अनंतरावांनी येण्याचं कारण सांगितलं तसा तो हसत सुटला. "सायेब, बायकूचा आवाज ऐकायला इतकं हिंडायलाव? आमाला तर आवाज बंद कसा करावा ते समजंना."

"आवाज बंद झाला की माझ्याकडं या," अनंतराव म्हणाले. "मग सांगतो."

आसारामने गणपती उचलून देवळीत ठेवला, फुलं बाजूला केली आणि धूळ पुसायला स्वतःचा रुमाल काढला. आतला रबरी पट्टा वितळून गेला होता. विकायचं नाही, बापाची आठवण आहे, पण दुरुस्त करून इथे बसून पाहिजे तेवढं ऐका, असं त्याने सांगून टाकलं. सिद्धोधनने पुढच्या आठवड्यात पट्टा मिळवून बसवून दिला.

रविवारी अनंतराव आणि श्रद्धा जिंतूरच्या बसने झरीला उतरले. श्रद्धाने लॅपटॉप आणला होता, मशीनला जोडायची वायर आणली होती. एकदा वाजली की आवाज कायमचा कॉम्प्युटरमध्ये राहील, मग फीत तुटली तरी हरकत नाही, हे तिने वडिलांना बसमध्ये दोनदा समजावून सांगितलं. अनंतरावांचं म्हणणं एकच, "माझं नाव तेवढं कापून फोनमध्ये घालून दे. सकाळी उठलं की ऐकत जाईन." बाप म्हातारपणी वाह्यात झाला असं तिला एरवी वाटलं असतं. त्या दिवशी वाटलं नाही. त्यांनी ठेवणीतला सदरा घातला होता आणि दाढी केली होती.

आसारामची बायको कडूबाई चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभीच राहिली. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. श्रद्धाने ती मऊ फडक्याने हळूहळू पुसली. चकती बसवली, फीत दुसऱ्या चकतीत ओवली. आसारामने खटका दाबला.

मशीन हललं, आणि त्यातून एखादा रेडा हंबरल्यासारखा आवाज आला.

"हे तर बाप्या मानूस बोलायलाय," आसाराम म्हणाला.

अनंतरावांचा चेहरा पडला. पण फीत फक्त सावकाश फिरत होती. श्रद्धाने बटण वरच्या वेगावर सरकवलं आणि रेड्याचा दिनकरराव झाला. "हॅलो, हॅलो. गप्प बसा रे पोरांनो. वहिनी, तोंड इकडं करा, ह्या डबीकडं." अनंतराव हसले. मांडीवर हात मारून हसले. "दिनू! दिनूच हा! सर्दी झाली होती त्याला तेव्हा."

मग एकेक माणूस येत गेलं. अनंतरावांची आई, आत्या, शेजारच्या बायका, कुणाचं तरी रडणारं पोर, भांड्यांचे आवाज. सगळी गेलेली माणसं. अनंतराव एकेकाचं नाव श्रद्धाला सांगत होते आणि श्रद्धा मान हलवत होती. मधूनच फीत खरखरायची, आवाज बुडायचा आणि वर यायचा.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "अनंता, घे ती अंगठी. लिही."

तांदळाचं ताट. अनंतरावांना ते ताट डोळ्यांसमोर दिसलं. नवरी घरात आली की लक्ष्मीपूजन करायचं, ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. मग साखर वाटायची आणि ते नाव सगळ्यांना सांगायचं. सगळ्यांच्याच घरी असं होत होतं. अनंतरावांनी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, पत्रिका बघून, गुरुजींना विचारून, चांगली चार नावं बाजूला सारून. सुमंगला. त्यांना ते फार आवडलं होतं. तिचं माहेरचं नाव योगिनी होतं हे त्यांना माहीत होतं, पण गावाचं जुनं नाव माहीत असावं तेवढंच. सासू-सासरे लवकर गेले, धाकटा मेहुणा तिला अक्का म्हणायचा. ते नाव घेणारं कुणी राहिलंच नाही.

"सुमंगला!" फितीवर आत्या ओरडल्या. "साखर घ्या गं. सुमंगला नाव ठेवलं आमच्या अनंतानं."

आणि मग एक आवाज आला. बारीक, कोवळा. अनंतरावांना तो क्षणभर ओळखूच आला नाही. त्यांच्या कानात मुरलेला आवाज होता तो गुडघे दुखणाऱ्या, दम लागणाऱ्या बाईचा. हा आवाज एकोणीस वर्षांच्या पोरीचा होता.

"माझं योगिनीच राहू द्या ना."

बायका हसल्या. आई म्हणाल्या, "अगं, असं म्हणत नाहीत." आणि लगेच एका तरुण माणसाचा आवाज आला, मशीनच्या अगदी जवळून, मोठा, खूश असलेला. "होईल सवय! मी नाही का, आठवडा झाला सुमंगला सुमंगला घोकायलोय!" पुन्हा हसणं. दिनकररावाचं सगळ्यांत मोठं.

तो आवाज कुणाचा, हे अनंतरावांनी श्रद्धाला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"नाव घे गं आता. घेतल्याशिवाय सोडत नसतो," आत्या म्हणाल्या. बायकांनी गलका केला. मग बराच वेळ फक्त फितीची खरखर. श्रद्धाने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. बंद पडलं की काय असं तिला वाटलं. आणि मग तुटत तुटत, मध्ये थांबत, तो बारीक आवाज म्हणाला:

"केळीच्या पानावर... तुपाची धार. अनंतरावांचं... अनंतरावांचं नाव घेते... ओलांडून आले दार."

शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला. नाक ओढल्याचं स्वच्छ ऐकू आलं, त्या काळच्या मशीनवरसुद्धा.

"लाजली! लाजली!" तरुण अनंतराव फितीवर ओरडले. टाळ्या पडल्या.

दाराशी उभी असलेली कडूबाई म्हणाली, "लाजती कशाची. रडायलीय की लेकरू."

आसारामने बायकोला डोळ्याने दटावलं, पण ती गप्प होणारी नव्हती. "माजं नाव कडूबाई हाय," ती श्रद्धाला म्हणाली. "आदीची दोन मेली म्हून बापानं असलं ठिवलं. हितं सासूनं सोनाबाई करायचं काढलं. मी ओच दिली न्हाई त्या नावाला. सा महिने हाका मारून थकली. मपलं मपल्यापाशी ऱ्हाऊ द्यावं की मानसाचं."

"आतमंदी जा," आसाराम म्हणाला.

"जायलेय." ती कप उचलून गेली.

अनंतरावांनी हात वर करून फीत मागे घ्यायला सांगितली. श्रद्धाने घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. ज्या नावासाठी वणवण केली ते त्यांना आता ऐकूच येत नव्हतं; ते त्याच्या आधीच्या एका वाक्यापाशी थांबत होते. 'ना' किती मऊ होता तिचा. राहू द्या ना. मोठ्याने बोलली असती, भांडली असती, तर लक्षात तरी राहिलं असतं. त्या खोलीत ते चार हातांवर बसले होते. तिने त्यांच्याकडे बघूनच म्हटलं असणार, दुसरं कोण होतं तिचं त्या घरात? आणि त्यांनी ते ऐकलंही होतं, उत्तरही दिलं होतं. आणि तिथल्या तिथे विसरले होते.

त्यांना संक्रांतीचा तिळगुळाचा डबा आठवला. पाहुण्यांसमोर ठेवलेले चहाचे कप आठवले. पन्नास वर्षं ते तिच्याच तोंडावर तिचं रडणं लाजणं म्हणून सांगत होते आणि ती कप ठेवून आत जात होती. एकदाही म्हणाली नाही, की अहो, तसं नव्हतं ते.

"बाबा," श्रद्धा हळूच म्हणाली, "नाव तेवढं कापून देऊ का फोनमध्ये?"

"नको."

"मग?"

"तिचं दे," अनंतराव म्हणाले, आणि झरीच्या त्या ओसरीवर, परक्या माणसासमोर, तोंडावर रुमाल धरून रडले. आसाराम उठून उगाच अंगणात जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर ते बरेच दिवस तिचं ते एकच वाक्य ऐकत राहिले. फोन कानाला लावून बसायचे. श्रद्धा जेवायला घेऊन आली की बंद करायचे. एकदा तिने बाहेरूनच ऐकलं, ते फोटोसमोर उभे राहून 'योगिनी' म्हणत होते. आवाज अवघडलेला. शाळेत हजेरी घेताना नव्या पोराचं नाव उच्चारावं तसा.

वर्षश्राद्धाला नागेशगुरुजी सकाळीच आले. मुलगा नव्हता, तेव्हा बाईंचं सगळं अनंतरावच करत आले होते. गल्लीतल्या दोघी-तिघी स्वयंपाकाला आल्या होत्या. मधल्या खोलीत पाट मांडले, दर्भ, तीळ, पाण्याचा तांब्या. अनंतरावांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं.

"पत्नीचं नाव घ्या," गुरुजी म्हणाले.

"योगिनी."

गुरुजींचा हात थांबला. "अनंतराव?"

"योगिनी. तिचं नाव आहे ते."

"अहो, दहावं झालं, बारावं झालं, दर महिन्याचं झालं, सगळं सुमंगला नावानं झालं. आज दुसरं नाव घेतलंत तर हे पाणी जायचं कुणाला?"

"तिलाच. माहेरचं नाव आहे तिचं."

"लग्नात बदललं होतं ना?" गुरुजींच्या बोलण्यात राग नव्हता. ते समजावून सांगत होते. "मग ते नाव संपलं. शास्त्र तसंच आहे. ठेवणाऱ्यानं ठेवलं ते नाव. तुम्हीच ठेवलंत ना?"

"मीच ठेवलं," अनंतराव म्हणाले.

"मग झालं तर. तेच घ्या. नाहीतर पोचायचं नाही तिला, उपाशी राहील बिचारी."

अनंतराव पाटावर बसून राहिले. गुरुजींशी वाद घालायला त्यांची ना नव्हती. आयुष्यभर नावांवरून त्यांनी लोकांशी वादच घातले होते. पण उपाशी राहील म्हटल्यावर त्यांचा धीर गेला. तिला त्यांनी तेवढंच द्यायचं बाकी होतं, आणि तेही ज्या नावाला ती रडली त्याच नावाने. श्रद्धा दारात उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ओंजळीत पाणी आलं. अनंतरावांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. गुरुजी थांबले.

"सु... सुमंगला..." शेवटी ते म्हणाले. आवाज चिरकला आणि पाणी अंगठ्याजवळून ताटात पडलं.

स्वयंपाकघराच्या दारातली एक बाई पदराने डोळे पुसत दुसरीला म्हणाली, "बघा, किती जीव होता हो म्हाताऱ्याचा."

अनंतरावांनी ते ऐकलं. त्यांनी ओंजळ पुन्हा पुढे केली, कारण ते नाव अजून दोनदा घ्यायचं होतं.